दमवून जिंकणे : फेबियसची रणनीती आणि आधुनिक राजकारण

युद्ध जिंकण्याचे दोन मार्ग लष्करी इतिहासात पूर्वापार दिसतात. पहिल्या मार्गात शत्रूच्या मुख्य सैन्याला गाठून एका निर्णायक लढाईत त्याचा निकाल लावायचा असतो. दुसऱ्या मार्गात मोठी लढाई टाळायची, शत्रूची रसद तोडायची, त्याला फिरवत ठेवायचे आणि त्याचे बळ व उमेद हळूहळू खच्ची करायची, अशी आखणी असते. जर्मन लष्करी इतिहासकार हान्स डेलब्रुक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन मार्गांची पद्धतशीर विभागणी केली. पहिल्याला चिरडण्याची रणनीती म्हणता येईल, दुसऱ्याला दमवण्याची. १८९० मध्ये त्यांनी अथेन्सचा पेरिक्लिस आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट यांच्या युद्धपद्धतींची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि दोघांनाही दमवणाऱ्यांच्या रांगेत बसवले. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांना हा आपल्या राजाचा अपमान वाटला. डेलब्रुक यांच्या मते मात्र दमवणे ही भित्र्या सेनापतीची पळवाट नव्हती. साधने मर्यादित असताना किंवा समोरचा मैदानात वरचढ असताना निवडलेला तो तितकाच विचारपूर्वक मार्ग होता.

मराठी वाचकाला हा दुसरा मार्ग गनिमी काव्यामुळे परिचित आहे. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ पहिल्या बाजीरावाने निजामाला त्याच्या तोफखान्यापासून दूर खेचले, दाणापाणी तोडले आणि मोठी लढाई न देता मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहाला भाग पाडले. बाजीरावाचे मुख्य हत्यार वेग होते. या प्रकरणात ज्या रणनीतीचा विचार करायचा आहे तिचे मुख्य हत्यार संथपणा होते. रोमन सेनापती क्विंटस फेबियस मॅक्झिमस याच्या नावाने ती ओळखली जाते.

राजकारणात युद्धाची भाषा सर्रास वापरली जाते. मोहीम, आघाडी, बालेकिल्ला, शिलेदार हे शब्द रोजच्या बातम्यांत येतात, पण त्यामागे लष्करी विचार क्वचितच असतो. फेबियसचे उदाहरण वेगळे आहे. त्याची रणनीती काही राजकीय गटांनी जाणूनबुजून उचलली, तिच्यावरून आपले नाव ठेवले, तिच्यावर वाद घातले आणि अनेक दशके ती राबवली. त्यामुळे जुनी युद्धनीती आधुनिक राजकारणात कितपत चालते, हे या उदाहरणावरून तपासता येते.

फेबियस आणि हॅनिबल

इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. ट्रेबिया नदीकाठी त्याने रोमन सैन्याचा पराभव केला. पुढच्या वर्षी त्रासिमेन सरोवराच्या काठावर धुक्यात दबा धरून त्याने दुसरे सैन्य जवळजवळ नष्ट केले. त्या लढाईत कॉन्सल फ्लामिनियस मारला गेला आणि सुमारे १५ हजार रोमन सैनिक पडले. रोममध्ये हाहाकार उडाला. अशा संकटात सहा महिन्यांसाठी एका व्यक्तीकडे सर्वाधिकार देण्याची रोमन राज्यघटनेत सोय होती. डिक्टेटर या पदावर फेबियसची नेमणूक झाली. तो त्यापूर्वी दोनदा कॉन्सल राहिलेला अनुभवी माणूस होता.

फेबियसने दोन्ही बाजूंच्या बळाचा हिशेब मांडला. हॅनिबलचे सैन्य मुरलेले होते आणि त्याचे घोडदळ सपाट मैदानावर अजिंक्य होते. पण ते परक्या मुलखात होते. त्याच्याकडे बंदर नव्हते, नवी कुमक सहज येत नव्हती आणि अन्न रोज नव्याने मिळवावे लागत होते. उलट रोमकडे माणसांचा साठा प्रचंड होता. इतिहासकार पॉलिबियस याने रोम आणि त्याच्या मित्रराज्यांत मिळून शस्त्र उचलू शकणाऱ्यांची संख्या सात लाखांहून अधिक दिली आहे. हॅनिबलला प्रत्येक लढाई जिंकणे भाग होते. रोमला फक्त टिकून राहायचे होते. काळ रोमच्या बाजूने होता आणि फेबियसची सगळी योजना या एका निष्कर्षावर उभी होती.

त्याने सैन्य डोंगररांगांवर ठेवले, जिथे शत्रूचे घोडदळ निरुपयोगी ठरे. हॅनिबल जाईल तिकडे तो समांतर जात राहिला, पण खाली उतरला नाही. वैरण आणि धान्य गोळा करायला बाहेर पडलेल्या शत्रूच्या टोळ्या तो एकेक करून कापत असे. तटबंदी नसलेल्या गावांतील लोकांनी पिके आणि घरे जाळून सुरक्षित ठिकाणी जावे, असा हुकूमही त्याने काढला. नव्या, घाबरलेल्या सैनिकांना छोट्या चकमकींतून धीर येत गेला.

रणांगणापेक्षा रोममध्येच त्याला जास्त लढावे लागले. कॅम्पेनियातील सुपीक प्रदेश हॅनिबलने डोळ्यांदेखत लुटला आणि रोमन सैन्य डोंगरावरून ते पाहत राहिले. परतताना त्याला खिंडीत अडवण्यात फेबियसला यश आले होते, पण हॅनिबलने सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना पेटते काष्ठभार बांधून ते रात्री डोंगरावर हाकले आणि त्या गोंधळात तो निसटला. शिवाय सगळीकडे जाळपोळ करताना त्याने फेबियसच्या मालकीची जमीन मुद्दाम शाबूत ठेवली. त्यामुळे दोघांत संगनमत असल्याचा संशय रोममध्ये पसरला. फेबियसने ती जमीन विकली आणि आलेल्या पैशातून रोमन युद्धकैद्यांची खंडणी भरली. त्याचा दुय्यम अधिकारी, घोडदळाचा प्रमुख मिनुकियस, उघडपणे त्याला भित्रा म्हणू लागला. मिनुकियसला एका चकमकीत थोडे यश मिळताच रोमच्या जनसभेने त्याला फेबियसच्या बरोबरीचे अधिकार दिले. थोड्याच दिवसांत हॅनिबलने त्याला सापळ्यात ओढले आणि फेबियसने मदतीला धावून जाऊन त्याचे सैन्य वाचवले.

फेबियसची मुदत संपली आणि पुढच्या वर्षी रोमने पुन्हा निर्णायक लढाईचा मार्ग धरला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनी येथे ऐंशी हजारांच्या आसपास असलेल्या रोमन सैन्याला हॅनिबलने दोन्ही बाजूंनी वेढले. प्राचीन लेखकांनी दिलेले मृतांचे आकडे पन्नास ते सत्तर हजारांच्या दरम्यान आहेत. त्यानंतर रोमने फेबियसचा मार्ग वर्षानुवर्षे सोडला नाही. हॅनिबलला फितूर झालेली शहरे एकेक करून परत घेण्यात आली. इ.स.पू. २११ मध्ये कापुआ पडले आणि २०९ मध्ये टॅरेंटम खुद्द फेबियसने घेतले.

या कथेचा शेवट मात्र फेबियसच्या हातून झाला नाही. तरुण सेनापती स्किपिओ याने थेट आफ्रिकेत उतरून कार्थेजवर चाल करण्याची योजना मांडली, तेव्हा वृद्ध फेबियसने सिनेटमध्ये तिला कडाडून विरोध केला. योजना तरीही मंजूर झाली. इ.स.पू. २०३ मध्ये फेबियस वारला आणि पुढच्याच वर्षी झामाच्या लढाईत स्किपिओने हॅनिबलला हरवले. वाट पाहून बळ जमवणारा नेता आणि घाव घालण्याची वेळ ओळखणारा नेता एकच असेल असे नाही. दमवण्याच्या रणनीतीचे पुढचे सगळे राजकीय प्रयोग या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

वॉशिंग्टन : टिकून राहणे हेच उद्दिष्ट

आधुनिक काळात फेबियसशी ज्याची सर्वाधिक तुलना झाली तो अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. १७७६ च्या ऑगस्टमध्ये लाँग आयलंडवर पराभव झाल्यावर त्याने काँग्रेसला कळवले की शक्यतो सर्वंकष लढाई टाळावी आणि नाइलाज झाल्याशिवाय सगळे काही पणाला लावू नये. ब्रिटिशांनी न्यूयॉर्क घेतले, १७७७ मध्ये फिलाडेल्फियाही घेतले. पण विस्कळीत वसाहतींत शहर हातात आले म्हणजे देश हातात आला, असे नव्हते. वॉशिंग्टनचे सैन्य जिवंत होते तोवर बंड जिवंत होते.

फेबियसप्रमाणे त्यालाही आपल्याच लोकांच्या अधीरतेला तोंड द्यावे लागले. त्यावर त्याने छोट्या विजयांचा उपाय शोधला. १७७६ च्या डिसेंबरअखेर बहुतेक सैनिकांच्या नोकरीची मुदत संपणार होती आणि सैन्य विरघळण्याची भीती होती. २६ डिसेंबरच्या पहाटे डेलावेअर नदी ओलांडून त्याने ट्रेंटन येथील तळावर अचानक हल्ला केला. लष्करीदृष्ट्या हा विजय लहान होता, पण राजकीयदृष्ट्या त्याने सैन्य आणि काँग्रेस या दोघांचा धीर टिकवला. १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या उपसागराची वाट रोखली, तेव्हा मात्र वॉशिंग्टनने थांबणे सोडले. शेकडो मैल कूच करून त्याने यॉर्कटाउनला वेढा घातला आणि ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला शरण आणले. फेबियसला जे जमले नाही किंवा करावेसे वाटले नाही, ते इथे एकाच नेत्याने केले.

फेबियन सोसायटी : सेनापतीचे नाव घेणारी संस्था

४ जानेवारी १८८४ रोजी लंडनमध्ये काही मध्यमवर्गीय तरुणांनी एक संस्था स्थापन केली. फ्रँक पॉडमोर याच्या सूचनेवरून तिला फेबियसचे नाव देण्यात आले. फेबियसने जशी योग्य क्षणाची वाट पाहिली तशी पाहावी आणि क्षण येताच कठोर घाव घालावा, नाहीतर सगळे थांबणे वाया जाईल, असा आशय संस्थेच्या सुरुवातीच्या पत्रकावर छापला होता. यातील दुसरा भाग इतिहासाच्या दृष्टीने फेबियसपेक्षा स्किपिओला जास्त शोभतो. तरी संस्थापकांना काय हवे होते, ते त्यातून कळते.

त्या वर्षीच जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि १८८५ मध्ये सिडनी वेब संस्थेत आले. ॲनी बेझंट, ग्रॅहम वॉलस, सिडनी ऑलिव्हिए हेही सुरुवातीच्या फळीतले. समाजवाद क्रांतीने आणायचा की कायद्याने, हा त्या काळातला मोठा वाद होता. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रफाल्गर चौकाकडे निघालेल्या निदर्शकांना पोलीस आणि लष्कराने झोडपून काढले. शॉ आणि बेझंट त्या दिवशी निदर्शकांत होते. संघटित राज्यसत्तेशी रस्त्यावर टक्कर घेणे म्हणजे हॅनिबलशी मैदानात लढणे, हा धडा फेबियनांच्या मनात पक्का झाला. १८८९ मध्ये शॉ यांनी संपादित केलेला त्यांचा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यातून संस्थेचा मार्ग स्पष्ट झाला.

हा मार्ग म्हणजे शिरकाव करण्याचा. स्वतःचा पक्ष उभा करण्याऐवजी जिथे निर्णय होतात तिथे आपली माणसे, आपली आकडेवारी आणि आपले मसुदे पोहोचवायचे. लंडनची कौंटी कौन्सिल १८८९ मध्ये सुरू झाली. १८९२ मध्ये सिडनी वेब तिच्यावर निवडून आले आणि तांत्रिक शिक्षणाचे काम त्यांनी हातात घेतले. १९०२ आणि १९०३ च्या शिक्षण कायद्यांच्या वेळी त्यांनी काँझर्व्हेटिव्ह सरकारशीही सहकार्य केले. विरोधक कोण आहे यापेक्षा कायद्यात काय शिरते याकडे त्यांचे लक्ष होते. संस्थेला मिळालेल्या एका मृत्युपत्रातील देणगीतून १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची स्थापना झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे याच संस्थेतून १९२१ मध्ये एम.एस्‌सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. पदवी घेतली.

पहिल्या महायुद्धापूर्वी फेबियन सोसायटीची सभासदसंख्या तीन हजारांच्या आतच राहिली. तिचे बळ माहितीत होते. गरिबी, कामाचे तास, पाणीपुरवठा, घरभाडे, महापालिकांचा कारभार अशा विषयांवर तिची छोटी पत्रके निघत. गरिबांसाठीच्या कायद्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगावर बिएट्रिस वेब यांनी काम केले आणि १९०९ मध्ये अल्पमताचा स्वतंत्र अहवाल सादर केला. गरिबी हा व्यक्तीचा दोष मानण्याऐवजी ती रोखणे ही राज्याची जबाबदारी मानावी, अशी त्याची दिशा होती. त्या कामात मदत करणाऱ्या तरुणांत विल्यम बेव्हरिज होते, तर अहवालाच्या प्रचाराचे काम काही काळ क्लेमंट ॲटली यांनी पाहिले.

१९०० मध्ये लेबर रिप्रेझेंटेशन कमिटी स्थापन झाली. तिच्यातून पुढे लेबर पक्ष उभा राहिला. या कमिटीच्या घटक संस्थांत फेबियन सोसायटी होती. १९१८ च्या पक्षघटनेतील सामायिक मालकीचे प्रसिद्ध कलम मुख्यतः सिडनी वेब यांच्या लेखणीतून उतरले. टप्प्याटप्प्याने होणारे परिवर्तन अटळ आहे, अशी मांडणी त्यांनी १९२३ च्या पक्षपरिषदेत अध्यक्ष म्हणून केली. १९२४ आणि १९२९ ची लेबर सरकारे अल्पमतात होती आणि १९३१ च्या आर्थिक संकटात पक्ष फुटला.

घाव घालण्याचा क्षण १९४५ मध्ये आला. जुलैमधील निवडणुकीत लेबर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि ॲटली पंतप्रधान झाले. पक्षाच्या खासदारांपैकी दोनशेहून अधिक जण फेबियन सोसायटीचे सभासद होते. १९४६ मध्ये बँक ऑफ इंग्लंड, १९४७ च्या आरंभी कोळसा खाणी, १९४८ च्या आरंभी रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालाने सामाजिक विम्याचा आराखडा आधीच तयार ठेवला होता.

या यशाचे सगळे श्रेय फेबियनांना देता येत नाही. मतदार आणि पैसा कामगार संघटनांनी पुरवला. सरकार अन्नधान्यापासून कारखान्यांपर्यंत सगळ्याचे नियोजन करू शकते, हा विश्वास दुसऱ्या महायुद्धाने लोकांत रुजवला. फेबियनांनी साठ वर्षांत मसुदे, माणसे आणि संस्था तयार ठेवल्या होत्या. संधी त्यांनी निर्माण केली नाही, पण ती आली तेव्हा कामाला लागायला त्यांना वेळ लागला नाही.

या पद्धतीची काळी बाजूही त्याच इतिहासात आहे. सत्तेच्या दालनांत शिरणाऱ्यांना सत्तेची भाषा लवकर पटू लागते. बोअर युद्धाचा निषेध करण्यास सोसायटीने नकार दिला, तेव्हा १९०० मध्ये रॅमसे मॅकडोनाल्ड आणि एमेलिन पँखर्स्ट यांच्यासह काही सभासद बाहेर पडले. तज्ज्ञांनी वरून समाज घडवावा, या ओढीने वेब दांपत्य १९३० च्या दशकात स्टालिनच्या रशियाचे प्रशंसक झाले. भारताला तर या संथपणाचा थेट अनुभव आला. १९२४ च्या लेबर सरकारात भारतमंत्री होते फेबियन निबंधकारांपैकी सिडनी ऑलिव्हिए. त्या काळात स्वराज्याच्या दिशेने कोणतेही मोठे पाऊल पडले नाही, उलट ऑक्टोबरमध्ये बंगालमध्ये विनाखटला अटकेचा अध्यादेश निघाला. सत्ता नसलेल्यांची सबुरी आणि सत्ताधाऱ्यांची सबुरी यांचा अर्थ एक नसतो. पहिल्यांच्या बाबतीत ती बळ जमवण्याची रीत असते, दुसऱ्यांच्या बाबतीत बहुधा न देण्याची सबब.

जर्मनी : वाट पाहण्यात अडकलेला पक्ष

डेलब्रुक यांची विभागणी राजकारणात सर्वांत थेटपणे वापरली कार्ल काउत्स्की यांनी. १९१० मध्ये प्रशियातील विषम मतदान पद्धतीविरुद्ध मोठी निदर्शने झाली. तिथे कर भरण्याच्या प्रमाणात मतदारांचे तीन वर्ग पाडलेले होते आणि श्रीमंतांचे मत गरिबांच्या मतापेक्षा कितीतरी पटींनी वजनदार ठरत असे. सोशल डेमोक्रॅटिक पक्षातील रोझा लक्झेंबुर्ग यांनी सार्वत्रिक संपाचा आग्रह धरला. काउत्स्की यांनी डेलब्रुक यांच्या परिभाषेचा आधार घेऊन उत्तर दिले की पक्षाने दमवण्याची रणनीती सोडू नये. समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा १८७८ ते १८९० या काळात याच मार्गाने निष्प्रभ झाला होता. पुढची निवडणूक जवळ होती आणि मते वाढत होती. मग अकाली लढाई का द्यायची, असा त्यांचा सवाल होता.

निवडणुकीपुरता हा अंदाज बरोबर ठरला. १९१२ मध्ये पक्षाला जवळजवळ ३५ टक्के मते आणि ११० जागा मिळाल्या व तो संसदेतील सर्वांत मोठा पक्ष झाला. सुमारे दहा लाख सभासद, डझनावारी दैनिके, कामगार संघटनांच्या भरलेल्या तिजोऱ्या असा त्याचा पसारा होता. पण ४ ऑगस्ट १९१४ रोजी याच पक्षाने संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मतदान केले. देशावर संकट आल्याची भावना त्यामागे होती आणि विरोध केल्यास पक्षावर बंदी येईल, संघटना मोडेल, ही भीतीही होती. जे सैन्य योग्य क्षणासाठी जपून ठेवायचे होते, ते जपणे हेच उद्दिष्ट होऊन बसले.

त्याच काळात जर्मन सेनादल उलट्या दिशेने पाहत होते. सेनाप्रमुख पदावरून निवृत्त झालेले श्लीफेन कॅनीच्या लढाईवर लेखमाला लिहीत होते आणि शत्रूला वेढून एका फटक्यात संपवण्याचे स्वप्न अधिकाऱ्यांच्या पिढीवर बिंबवत होते. एकाच देशात सेनापतींनी हॅनिबलला आदर्श मानले आणि त्यांच्या विरोधकांनी फेबियसला. १९१४ मध्ये दोघांचेही आडाखे चुकले. पॅरिसचा वेढा जमला नाही आणि युद्ध चार वर्षे दमवणुकीचे झाले. वाट पाहणाऱ्या पक्षाला ते युद्ध थांबवण्याचे बळ कधी एकवटता आले नाही.

ग्राम्शी आणि भारतीय राष्ट्रीय चळवळ

पहिल्या महायुद्धातील खंदकांनी राजकीय विचाराला नवी प्रतिमा दिली. इटालियन कम्युनिस्ट नेते अंतोनिओ ग्राम्शी यांना १९२६ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने अटक केली. तुरुंगातील टिपणवह्यांत त्यांनी चढाईचे युद्ध आणि ठाण्यांचे युद्ध असा भेद मांडला. रशियात राज्ययंत्रणा हेच सर्वस्व होते, म्हणून एका झटक्यात सत्ता घेता आली. पश्चिम युरोपात राज्यामागे शाळा, चर्च, वृत्तपत्रे, संघटना यांची तटबंदी असते. पहिली फळी पडली तरी मागच्या फळ्या टिकतात. तिथे समाजातील एकेक ठाणे दीर्घकाळ लढून मिळवावे लागते.

गांधीजींचा निःशस्त्र प्रतिकार हे ठाण्यांच्या युद्धाचे उदाहरण असून काही क्षणी ते चढाईचे रूप घेते, अशी नोंद ग्राम्शी यांनीच करून ठेवली आहे. इतिहासकार बिपन चंद्र यांनी ही चौकट पुढे नेऊन संघर्ष, विराम, पुन्हा संघर्ष असा राष्ट्रीय चळवळीचा आलेख मांडला. चौरीचौरानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार मागे घेतला गेला आणि अनेक नेते संतापले. पुढची आठ वर्षे खादी, राष्ट्रीय शाळा, अस्पृश्यता निवारण आणि गावोगावच्या संघटनेत गेली. मार्च १९३० मध्ये दांडीयात्रा निघाली तेव्हा चळवळ आधीपेक्षा दूरवर पसरली होती. सविनय कायदेभंग १९३४ मध्ये थांबल्यावर पुन्हा बांधणी सुरू झाली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला.

फेबियनांपेक्षा हा प्रयोग दोन बाबतींत वेगळा होता. फेबियन वरच्या थरांत शिरले, तर काँग्रेसने लोकांत ठाणी उभारली. शिवाय इथे थांबणे आणि उठणे आळीपाळीने होत राहिले. त्यामुळे जर्मन पक्षासारखी संघटना जपण्याचीच सवय लागली नाही. आणि दर वेळी दडपशाही सोसून चळवळ पुन्हा उभी राहते, हे दिसल्याने राज्यकर्त्यांचा वचकही ओसरत गेला. शेवटी फेब्रुवारी १९४७ मध्ये जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याची घोषणा करणारे पंतप्रधान फेबियन ॲटली होते.

रणनीती राजकारणात आणताना

या उदाहरणांवरून दमवण्याची रणनीती केव्हा लागू पडते, हे ठरवता येते. पहिली अट काळाच्या दिशेची. दर वर्षी आपले बळ वाढत असेल आणि समोरच्याचे घटत असेल, तरच थांबण्यात अर्थ असतो. हे गृहीत धरता येत नाही, मोजावे लागते. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० मध्ये सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालला. समोरची बाजू बदलत नाही आणि अनुयायांची शक्ती मात्र खर्ची पडते, हे पाहून डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात तो मार्ग सोडण्याची आणि धर्मांतराची घोषणा केली. काळ आपल्या बाजूने नाही हे वेळीच ओळखणे हाही रणनीतीचाच भाग आहे.

दुसरी अट घरच्या आघाडीची. पेरिक्लिसने इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सच्या लोकांना तटबंदीच्या आत आणले आणि शेते स्पार्टाच्या हवाली केली. वर्षभरात साथीचा रोग पसरला, चिडलेल्या लोकांनी त्याला पदावरून काढून दंड केला आणि पुन्हा निवडून दिले तरी काही काळातच तो वारला. संथ मार्ग निवडणाऱ्या नेत्याला आपल्या माणसांना काहीतरी दाखवत राहावे लागते. वॉशिंग्टनने ट्रेंटन दाखवले, फेबियनांनी महापालिकेतील छोटी कामे. लोकशाहीत हे अधिकच खरे, कारण तिथे दर निवडणुकीला फेबियसची मुदत संपते.

तिसरी अट घाव घालण्याच्या तयारीची. थांबण्याच्या काळातच पुढच्या टप्प्याचे मसुदे, माणसे आणि निर्णय घेणारी यंत्रणा तयार व्हावी लागते. ती नसेल तर काउत्स्कींच्या पक्षासारखी अवस्था होते. ज्या नेत्याने वर्षानुवर्षे सबुरी शिकवली त्याला ती मोडणे जड जाते, म्हणून संघटनेत स्किपिओंना बोलण्याची जागा हवी. रोमच्या सिनेटने फेबियसचा विरोध ऐकून घेतला आणि तरी स्किपिओला जाऊ दिले, हे त्या व्यवस्थेचे बळ होते.

या अटी पूर्ण झाल्या तरी युद्ध आणि राजकारण यांत दोन मूलभूत फरक उरतात. युद्धात शत्रूची शक्ती नष्ट झाली की काम संपते. लोकशाहीत विरोधक उद्या सहकारी होऊ शकतो आणि निकाल तिसऱ्याच पक्षाच्या, म्हणजे मतदारांच्या हातात असतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला थकवण्याच्या नादात संसद, न्यायालय किंवा प्रशासन थकले, तर जिंकणाऱ्याच्या हातीही मोडकी यंत्रणा येते. दुसरा फरक किमतीचा. इटलीतील पिके फेबियसच्या हुकमाने जळली, पण त्यांतली बहुतेक शेते इतरांची होती. इंग्लंडमधील गरिबांना १८८४ ते १९४८ अशी चौसष्ट वर्षे वाट पाहावी लागली आणि त्यांतल्या कितीतरी जणांना आरोग्य सेवा पाहायला मिळाली नाही. सेनापतीला सैनिकांची संमती मागावी लागत नाही, राजकीय नेत्याला ती मागावी लागते. म्हणून थांबण्याचा निर्णय जाहीर करताना त्याचा भार कोणावर पडणार, किती काळ पडणार आणि त्या बदल्यात टप्प्याटप्प्याने काय मिळणार, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.